बारावा गडी आणि बदली कामगार

कामगार चळवळीत आयुष्य घालविलेल्या माणसाने क्रिकेटवर बोलावे, याचे काही मंडळींना नवल वाटेल. चेंडू कसा वळवावा आणि बॅट कशी धरावी, हे सांगण्याचा अधिकार मला नाही आणि तो माझा विषयही नव्हे. माझा विषय निवडीचा आहे. जागा अकरा आणि लायक माणसे वीस असली म्हणजे आत कोणाला घ्यावे, बाहेर कोणाला बसवावे, हे कोण ठरवितो, कशावरून ठरवितो, आणि बाहेर बसलेल्याला त्याचे कारण सांगतो की नाही, हा तो प्रश्न होय. जळगाव, धुळे, अमळनेर येथील गिरण्या चालू होत्या तेव्हा हा प्रश्न रोज पहाटे फाटकाबाहेर उभा असे. त्याचे नाव बदली कामगार. कायम कामगार आजारी पडला, गावी गेला, तर त्याच्या जागी बदलीवाला घ्यावयाचा. कोणी गैरहजर नसले तर त्याने डबा तसाच घेऊन घरी जावयाचे. क्रिकेटमधला बारावा गडी हा त्याचाच भाऊबंद आहे. फरक एवढाच की मैदानावर कोणी काय केले हे दुसऱ्या दिवशी सर्वांना वाचावयास मिळते. गिरणीतले कोणी लिहून ठेवीत नाही.

राखीव खेळाडू अचानक चमकला म्हणजे लोक दोन गोष्टी हटकून बोलतात. पहिली, “हा हिरा इतके दिवस कोठे होता?” आणि दुसरी, “याला बाहेर बसविणारा प्रशिक्षक आंधळा होता काय?” पहिला प्रश्न अर्धवट आहे आणि दुसरा पुष्कळदा अन्यायाचा आहे. हे कसे, ते एका घडलेल्या सामन्यावरून पाहू.

ब्रिस्बेन येथे काय घडले

१९ डिसेंबर २०२० रोजी ऑस्ट्रेलियातील ॲडलेड येथे भारताचा कसोटीतील दुसरा डाव अवघ्या ३६ धावांत आटोपला. कर्णधार विराट कोहली अपत्यजन्मासाठी मायदेशी परतला आणि संगमनेर तालुक्यात जन्मलेल्या व डोंबिवलीत वाढलेल्या अजिंक्य रहाणेकडे संघाची धुरा आली. मेलबर्नची कसोटी भारताने ८ गडी राखून जिंकली, सिडनीची अनिर्णित राखली. परंतु तोवर संघाची अवस्था लढाईहून परतलेल्या पलटणीसारखी झाली होती. शमीचा हात मोडला, उमेश यादवची पोटरी दुखावली, जडेजाचा अंगठा मोडला, आणि अश्विन, बुमरा व विहारी हेही दुखापतींनी अंथरुणाला खिळले.

१५ जानेवारी २०२१ रोजी ब्रिस्बेनची चौथी कसोटी सुरू झाली. या मैदानावर १९८८ नंतर ऑस्ट्रेलियाने एकही कसोटी गमावलेली नव्हती. भारताचे पाच गोलंदाज होते सिराज, सैनी, शार्दूल ठाकूर, नटराजन आणि वॉशिंग्टन सुंदर. या पाचांचे तोपर्यंतचे कसोटीतील बळी एकत्र मोजले तर ११ भरत होते. समोर ऑस्ट्रेलियाचा एकटा नेथन लायन ३९६ बळी पदरी बांधून आपली शंभरावी कसोटी खेळत होता. नटराजन आणि सुंदर यांना तर कसोटी संघात मूळचे स्थानच नव्हते. फलंदाजांना सराव देण्यासाठी त्यांना मागे थांबवून घेतले होते. बदलीचाही बदली म्हणावा, अशी ती स्थिती होती.

ऑस्ट्रेलियाने ३६९ धावा केल्या. भारताचे ६ गडी १८६ धावांत बाद झाले, आणि सामना हातचा गेला असे सर्वांनी धरून चालले. त्या वेळी शार्दूल आणि सुंदर या दोघांनी सातव्या गड्यासाठी १२३ धावा जोडल्या. शार्दूलने ६७ केल्या, सुंदरने ६२. ऑस्ट्रेलियाची आघाडी केवळ ३३ वर आली. पुढे दुसऱ्या डावात सिराजने ५ आणि शार्दूलने ४ गडी टिपले. शार्दूलचे सामन्यातील बळी ७ झाले. १९ जानेवारीला ३२८ धावांचे लक्ष्य भारताने ७ गडी गमावून गाठले. शेवटी ऋषभ पंत ८९ धावांवर नाबाद होता. बदल्यांच्या संघाने मालिका २-१ अशी जिंकली.

हिरा इतके दिवस कोठे होता?

आता पहिला प्रश्न. शार्दूल ठाकूर त्या दिवशी आकाशातून पडला काय? मुळीच नाही. हा पालघरचा मुलगा. चर्चगेटपासून पालघर सुमारे ९० किलोमीटर. खांद्यावर क्रिकेटचे ओझे घेऊन लोकलच्या गर्दीतून तो मुंबईला खेळावयास येई. प्रशिक्षक दिनेश लाड यांनी त्याला हेरून बोरिवलीच्या शाळेत आणले. शालेय सामन्यात त्याने एका षटकात सहा षटकार मारले होते. २०१२ साली तो मुंबईकडून रणजी सामन्यात उतरला आणि २०१४-१५ च्या हंगामात त्याने ४८ बळी घेतले. ऑक्टोबर २०१८ मध्ये हैदराबाद येथे त्याला पहिली कसोटी मिळाली, आणि दहा चेंडू टाकताच जांघेच्या दुखापतीने तो मैदानाबाहेर गेला. पुढची कसोटी त्याला सव्वादोन वर्षांनी, ब्रिस्बेनला मिळाली.

म्हणजे हिरा कोठे होता? हजेरीपटावर होता. त्याचे काम वहीत लिहिलेले होते. आपण ते वाचले नव्हते, इतकेच. गिरणीतही असेच घडे. कायम विणकर अंथरुणाला खिळला आणि बदलीवाल्याने त्याचे माग बिनबोभाट चालविले, की साहेब म्हणत, “अरे, हा तर तयार आहे!” तो त्या सकाळी तयार झालेला नसे. चार वर्षे वेगवेगळ्या खात्यांत, मिळेल त्या पाळीला, मिळेल त्या मागावर त्याने हात बसविलेला असे.

यातून खानदेशाने घ्यावयाचा एक धडा आहे. माणूस दिसावा म्हणून दिसण्याची जागा असावी लागते. पालघरच्या मुलाला लोकल होती आणि तिच्या टोकाला मुंबईची मैदाने होती. जळगाव आणि धुळे हे जिल्हे महाराष्ट्र क्रिकेट असोसिएशनच्या पुण्याच्या छत्राखाली येतात. आपल्या पोराला निवडणाऱ्यांच्या नजरेस पडावयाचे तर रात्रभराचा प्रवास करून पुणे गाठावे लागते. तेव्हा “आमच्याकडे हिरे नाहीत” असे म्हणण्यापूर्वी आपण किती वह्या ठेवल्या, किती सामने भरविले, हे पाहिले पाहिजे.

निकाल हा न्यायाधीश नव्हे

आता दुसरा प्रश्न, प्रशिक्षकाच्या आंधळेपणाचा. येथे सामान्य माणसाची एक चूक होते. निकाल लागल्यावर तो मागे वळून निर्णयाला शाबासकी तरी देतो, नाही तर शिव्या तरी देतो. परंतु निर्णय घेणाऱ्याच्या हाती निकाल नसतो. त्याच्या हाती फक्त सकाळची माहिती असते.

याचे उत्तम उदाहरण लंडनच्या ओव्हल मैदानावर सापडते. सप्टेंबर २०२१ मध्ये तेथे भारताने चार वेगवान गोलंदाज आणि जोडीला जडेजा, असा संघ निवडला. अश्विनसारख्या नामांकित फिरकी गोलंदाजाला बाहेर बसविले. कर्णधार कोहली होता, प्रशिक्षक रवी शास्त्री. सामन्यापूर्वी या निर्णयावर सडकून टीका झाली. त्या सामन्यात शार्दूलने ५७ आणि ६० धावा काढल्या, भारत १५७ धावांनी जिंकला आणि टीका थंडावली. जून २०२३ मध्ये त्याच ओव्हलवर जागतिक कसोटी स्पर्धेचा अंतिम सामना झाला. कर्णधार रोहित शर्मा, प्रशिक्षक राहुल द्रविड. पुन्हा चार वेगवान गोलंदाज, त्यांत शार्दूल, जोडीला जडेजा, आणि पुन्हा अश्विन बाहेर, तोही कसोटी गोलंदाजांच्या जागतिक क्रमवारीत पहिला असताना. या वेळी भारत २०९ धावांनी हरला, आणि देशभर एकच ओरड झाली की अश्विनला बसविणारे मूर्ख होत.

मैदान तेच, आखणी तीच, बाहेर बसलेला माणूसही तोच. पहिल्या वेळी निर्णय शहाणपणाचा ठरला आणि दुसऱ्या वेळी मूर्खपणाचा. हा न्याय नव्हे, हे आपणांस पटेल. माझे स्वतःचे मत विचाराल तर २०२३ साली अश्विन हवा होता, कारण त्या सामन्याच्या शेवटच्या डावात त्याच जातीच्या गोलंदाजीने लायनने ४ गडी बाद केले. परंतु हेही मी निकाल पाहून बोलतो आहे. नाणेफेकीच्या वेळी आकाशात ढग होते आणि खेळपट्टीवर गवत होते. त्या घडीला चार वेगवान गोलंदाज घेणारा माणूस वेडा नव्हता.

म्हणून राखीव खेळाडू चमकला एवढ्यावरून त्याला बसविणारा दोषी ठरत नाही. जो बाहेर बसतो त्याचा त्या दिवशीचा खेळ कोणालाच दिसत नाही, आणि न खेळलेल्या माणसाच्या धावा आपण मनात वाटेल तेवढ्या वाढवू शकतो.

मग निवडणाऱ्याची चूक कोठे असते?

निवडणारा कधीच चुकत नाही, असा मात्र याचा अर्थ नव्हे. त्याची चूक पाहावयाची तर निकालात पाहू नये, त्याने दिलेल्या शब्दात आणि सांगितलेल्या कारणात पाहावी.

ब्रिस्बेनच्या त्याच विजयात एक माणूस कोपऱ्यात बसला होता, त्याच्याकडे फारसे कोणी पाहिले नाही. कुलदीप यादव. जानेवारी २०१९ मध्ये सिडनीला त्याने ९९ धावांत ५ गडी बाद केले तेव्हा शास्त्री यांनी जाहीरपणे सांगितले होते, की यापुढे परदेशात आमचा पहिला फिरकी गोलंदाज हाच. दोन वर्षांनी ब्रिस्बेनला अश्विन आणि जडेजा दोघेही जायबंदी झाले. आता तरी कुलदीपचा क्रम लागावयास हवा होता. परंतु सुंदर अधिक चांगली फलंदाजी करतो म्हणून त्याला उतरविले, जरी त्याने तीन वर्षे प्रथम श्रेणीचा एकही सामना खेळलेला नव्हता. सुंदरने ६२ धावा केल्या, पहिल्या डावात ३ गडी बाद केले, आणि कुलदीपचा प्रश्न विजयाच्या गुलालात बुजून गेला. एका बदलीवाल्याचे यश दुसऱ्या बदलीवाल्याची उपेक्षा कशी झाकते, ते येथे दिसते.

पुढे डिसेंबर २०२२ मध्ये बांगलादेशातील चितगाव येथे कुलदीपला बावीस महिन्यांनी कसोटी मिळाली. त्याने ८ गडी बाद केले, ४० धावा काढल्या आणि सामन्याचा मानकरी ठरला. चार दिवसांनी मीरपूरची कसोटी सुरू झाली, तेव्हा हाच मानकरी संघाबाहेर होता. त्याच्या जागी जयदेव उनाडकट आला. गंमत अशी, की उनाडकट हाही बारा वर्षे ताटकळलेलाच माणूस. त्याची आधीची एकमेव कसोटी २०१० सालची. रणजीत २०१९-२० च्या हंगामात ६७ बळी घेऊनही तो बाहेरच होता. म्हणजे एका उपेक्षिताला न्याय देताना दुसऱ्या उपेक्षितावर अन्याय झाला. भारत तो सामना ३ गडी राखून जिंकला, म्हणून हा अन्याय पुसला गेला असे मी मानत नाही. आदल्या सामन्यात सर्वोत्तम ठरलेल्या माणसाला चार दिवसांत खाली बसवावयाचे, तर त्या माणसाला उद्या जीव तोडून काम करण्याचे कारण काय उरते?

खुद्द शार्दूलचे पाहा. ब्रिस्बेननंतर त्याला पुढची कसोटी ऑगस्ट २०२१ मध्ये मिळाली. मधल्या पाच कसोट्यांत तो नव्हता. नटराजनला तर २०२५ अखेरपर्यंत दुसरी कसोटी मिळाली नाही. एकदा बदलीचा शिक्का बसला की तो सहजी धुतला जात नाही.

ज्यांना संधीच आली नाही

काहींच्या नशिबी बदलीचा दिवससुद्धा उगवत नाही. मुंबईचे पद्माकर शिवलकर डावखुरे फिरकी गोलंदाज होते. १९७२-७३ च्या रणजी अंतिम सामन्यात चेन्नई येथे त्यांनी १६ धावांत ८ आणि १८ धावांत ५ गडी बाद केले. प्रथम श्रेणीत त्यांनी एकूण ५८९ बळी मिळविले. २०२५ साली ते वारले, एकही कसोटी न खेळता. त्यांच्याच पद्धतीची गोलंदाजी करणारे बिशनसिंग बेदी संघात होते आणि बेदी थोरच होते. येथे कोणी दुष्टपणा केला असे म्हणता येणार नाही. जागा एक आणि माणसे दोन, एवढाच गुन्हा. परंतु यातून एवढे तरी शिकावे, की बाहेर राहिलेला माणूस कमी लायकीचा असतो हे गृहीत धरू नये.

अमोल मुझुमदार यांची कहाणी अनेकांना ठाऊक आहे. फेब्रुवारी १९८८ मध्ये मुंबईच्या शालेय सामन्यात तेंडुलकर आणि कांबळी यांनी ६६४ धावांची भागी रचली. पुढचा फलंदाज अमोल. तो पॅड बांधून बसून राहिला. १९९४ साली रणजीतील पहिल्याच सामन्यात त्याने २६० धावा केल्या. प्रथम श्रेणीत ११,१६७ धावा झाल्या, पण भारतीय संघाच्या मधल्या फळीत त्याला कधीच जागा सापडली नाही. जणू जन्मभर पॅड बांधूनच बसावे, तसे झाले.

फाटकावरील नियम

आता आमच्या क्षेत्रात याला उपाय काय निघाला, ते सांगतो. मुंबईच्या गिरण्यांत पूर्वी बदली कोणाला द्यावयाची हे जॉबर ठरवी. जो दस्तुरी देई, जो जॉबरच्या नात्यातला किंवा गावचा, त्याला काम. इतरांनी फाटकावर उभे राहावे. १९३५ च्या सुमारास तेथे बदली नियंत्रणाची पद्धत आली. नियम साधा होता. ठराविक बदलीवाल्यांना दरमहा कार्ड द्यावयाचे, रोज सकाळी त्यांनी हजर व्हावयाचे, आणि रिकामी जागा प्रथम कार्डवाल्यांतून भरावयाची. पद्धतीत पळवाटा होत्या, परंतु जॉबरच्या लहरीला तिने लगाम घातला. पुढे १९५३ साली औद्योगिक विवाद कायद्यात जी दुरुस्ती झाली, तिने ले-ऑफच्या भरपाईपुरते असे ठरविले, की बदलीवाल्याची वर्षभराची सलग नोकरी भरली म्हणजे त्याला बदली समजावयाचे नाही. हा हक्क बदलीवाल्याला कोणाच्या कृपेने मिळाला नाही, हजेरीच्या नोंदीने मिळाला. म्हणूनच चटईच्या कारखान्यात काय, यंत्रमागावर काय, ठेकेदाराच्या माणसांना मी पहिली गोष्ट हीच सांगत आलो आहे, की आपल्या हजेरीची वही आपण स्वतः ठेवा.

यावर कोणी म्हणेल, खेळात असा क्रम कसा लावता येईल? हरकत बरोबर आहे. एक माग चालविणे आणि दुसरा माग चालविणे यांत फारसा फरक नसतो, म्हणून तेथे क्रमाने काम देणे न्यायाचे असते. मैदानावर आज गवत आहे, उद्या खेळपट्टी कोरडी आहे. रांगेत पुढे आहे म्हणून कोणाला उतरविले तर संघाचे वाटोळे होईल. तेव्हा रांग खेळात नेता येत नाही. परंतु तीन गोष्टी नेता येतात. नोंद नेता येते, कारण सांगण्याची सक्ती नेता येते, आणि बाहेर बसलेल्याला काम करून दाखविण्याची नियमित जागा देता येते.

या बाबतीत अलीकडचे उदाहरण पाहा. जो अमोल पॅड बांधून बसला होता, तो ऑक्टोबर २०२३ मध्ये भारतीय महिला संघाचा प्रशिक्षक झाला. २०२५ च्या विश्वचषकात इंग्लंडविरुद्ध जादा गोलंदाज हवा म्हणून मुंबईच्या जेमिमा रॉड्रिग्जला बाहेर बसविले गेले आणि भारत ४ धावांनी हरला. पुढच्या सामन्यात तिला परत घेऊन तिसऱ्या क्रमांकावर बढती दिली. तिने नाबाद ७६ धावा केल्या. ३० ऑक्टोबरला उपांत्य सामन्यात तिच्या नाबाद १२७ धावांवर ऑस्ट्रेलियाची ३३८ ही धावसंख्या मागे पडली. प्रतिका रावल जायबंदी झाली, तेव्हा मूळ संघात नसलेल्या शफाली वर्माला बोलावले. २ नोव्हेंबरला नवी मुंबईत तिने ८७ धावा केल्या, २ गडी बाद केले, आणि भारताने विश्वचषक जिंकला. जेमिमाला बसविणे चूक होते काय? मी म्हणेन, चूक होती की नाही हे त्या एका पराभवाने ठरत नाही. पण बसविलेल्या माणसासाठी दार चार दिवसांत पुन्हा उघडले, ही गोष्ट निःसंशय चांगली.

आपणां सर्वांना कोणाची ना कोणाची निवड करावीच लागते. कोणी शाळेचा संघ निवडतो, कोणी तालुक्याचा कबड्डीचा संघ निवडतो, कोणी कारखान्यात माणसे घेतो. निवडणारे आपण असू तेव्हा, आणि दुसऱ्याच्या निवडीवर बोलू तेव्हाही, निकालाआधी तीन प्रश्न विचारावेत. निवडताना हाती कोणती माहिती होती? बाहेरच्याचे काम पाहण्याची सोय केली होती काय? आणि त्याला कारण तोंडावर सांगितले काय? तिन्ही उत्तरे समाधानकारक असतील तर सामना हरला तरी निवडणाऱ्याला दोष देऊ नका. आणि तिन्ही उत्तरे “नाही” अशी असतील तर सामना जिंकला तरी त्याला सोडू नका. कारण विजयाच्या मिरवणुकीत मागे कोठे तरी तो बाहेर बसविलेला माणूस चालत असतो, आणि उद्या त्याला पुन्हा पहाटे फाटकावर यावयाचे असते.